सांध्यावरच्या कोप्या

मंगळवारी सकाळी साडेआठला माझी पत्नी वारली. मी दूध आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली पडली होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाकावर बसायला सांगितलं.

त्याला आता दीड वर्ष होत आलं. या दीड वर्षात मी फारसं काही केलं नाही. एक काम केलं, तेही आधी चुकीचं केलं. त्याबद्दल लिहितो आहे.

मी बारामतीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. ती इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या अलीकडे एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. नोकरीची शेवटची चौदा वर्षं ती तिथंच होती. सकाळी इंदापूरकडे जाणारी एसटी, मग फाट्यावर उतरून कुणाच्या तरी मोटारसायकलवर, नाहीतर ऊस टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवरून शाळेत जाणारी बाई म्हणून मी तिची चेष्टा करायचो. ती म्हणायची, "तुमच्या ग्रंथालयात सगळे पायी येतात, म्हणून कुणी वेळेवर येत नाही."

आमच्याकडे माणूस गेलं की फाट्यावर फ्लेक्स लागतो. तिचाही लागला. जुन्या विद्यार्थ्यांनी इंदापूरच्या एका दुकानातून करून आणला. तिचा फोटो त्यांच्याकडे नव्हता. कुणीतरी शाळेच्या एका जुन्या कागदावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा फोटो मोबाइलवर काढला आणि तो आठ फुटांचा केला. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले होते. जवळून ओळख लागत नव्हती, रस्त्याच्या पलीकडून लागत होती. तेराव्यानंतर मी तो फ्लेक्स मागायला गेलो, तर तो एकाच्या कडब्याच्या गंजीवर होता. गंजीचा मालक जरा ओशाळला. म्हणाला, "बाईंचं तोंड आतल्या अंगाला केलंय सर. ऊन लागाया नको." मी फ्लेक्स तसाच राहू दिला.

कपाट आवरायला मला चार महिने लागले. साड्यांच्या मागे, जुन्या उशीच्या अभ्र्यात एक सुरनळी होती. ती काय आहे हे मला माहीत होतं, कारण तिच्यासाठी कागद मीच आणत असे. आमच्या ग्रंथालयाची मासिकं बांधणाऱ्या बाइंडरकडे जाड कागदाच्या पट्ट्या उरायच्या. दर वर्षी मी एक पट्टी घरी आणायचो, सहा-एक फुटांची. तिसरीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्यातली एक वीत जागा मिळायची. त्या जागेत त्यानं आपलं घर काढायचं. पट्टीच्या खालच्या कडेनं कालव्याचा फाटा वाहायचा, निळा. नियम एकच होता: शेजारच्यानं पाणी जिथं सोडलं असेल तिथून आपलं सुरू करायचं. पाणी तुटता कामा नये. पुढच्या वर्षीची पट्टी मागच्या वर्षीच्या पट्टीला जोडली जायची. चौदा वर्षांच्या चौदा पट्ट्या. मी फरशीवर उलगडायला गेलो, तर सुरनळी दारातून बाहेर जाऊन जिन्यापर्यंत पोचली आणि तरी निम्मीसुद्धा उलगडली नव्हती.

कागद जोडायला तिला मीच शिकवलं होतं. मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद, आणि एका कागदावर दुसरा दोन बोटं चढवायचा. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, "इथून फाटणार नाही ना?" मी म्हणालो होतो, "उलट सांध्यावर कागद दुहेरी असतो. फाटला तर दुसरीकडे फाटेल."

तिच्या जुन्या विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक गट होता. ती गेल्यावर त्यात त्यांनी मलाही घेतलं. सुरनळीचा एक फोटो मी तिथं टाकला आणि दुपारभर मोबाइल वाजत राहिला. सर, माझं घर हाय का त्यात? माझं पत्र्याचं हाय, दारात बैल. सर, दोन हजार अकराची पट्टी कुठली? गावातले होते, पुण्यातले होते, एकजण आखातात होता. ज्यांची पोरं आता तिसरीत होती त्यांनाही आपलं तिसरीतलं घर बघायचं होतं. मी लिहून टाकलं, की सगळं चित्र इंटरनेटवर ठेवतो, प्रत्येकाला आपलं घर बघता येईल. हे लिहायला मला एक मिनिट लागलं. पुढचे तीन महिने ते निस्तरण्यात गेले.

घरांचे नकाशे स्कॅन करायचं मोठं यंत्र त्याच इंदापूरच्या फ्लेक्सच्या दुकानात होतं. दुकानदार पन्नाशीचा, बोलका. त्यानं सुरनळी हातात तोलली.

"सर, ह्ये एवढं लांबडं कुणाच्या वाढदिवसाचं?"

मी सांगितलं. मग त्यानं टेबल पुसलं, पानाची पुडी खिशात टाकली, हात धुऊन आला. यंत्रात कागद सरकत असताना तो दोन्ही हातांनी त्याला खालून आधार देत उभा होता. दुपार होईपर्यंत सगळं झालं. एकच अखंड चित्र त्यानं पेन ड्राइव्हवर दिलं आणि म्हणाला, "पर सर, ह्ये मोबाइलवर कसं दावणार तुमी?"

मला वाटलं, त्यात काय.

घरी लॅपटॉपवर मी चित्र उघडलं. उघडायलाच चहा होण्याइतका वेळ लागला. संगणकावरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची वीण असते. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. या चित्राची लांबी दोन लाख पिक्सेलच्या वर होती. मी वेबसाठी एक्स्पोर्ट करायला गेलो, तर संगणकानं नकार दिला. आपण रोज ज्या प्रकारात फोटो पाठवतो त्या जेपीजीला एका बाजूनं पासष्ट हजार पाचशे पस्तीस पिक्सेलच्या पुढं जाताच येत नाही. त्याहून एकही जास्त नाही. आयुष्यभर नोंदी करण्यात गेलेल्या माणसाला असा ठाम आकडा दिसला की बरं वाटतं. मी चित्र त्या आकड्याच्या आत बसेल एवढं लहान केलं. मग ज्या साइटवर ते ठेवणार होतो ती साइट म्हणाली, फाइल जड आहे. आणखी लहान केलं. साइटनं घेतलं, पण घेताना आपल्या मापानं पुन्हा आवळलं. शेवटी पडद्यावर एक बारीक पट्टी आली. खाली निळा दोरा, त्यावर ज्वारी सांडल्यासारखे रंगीत दाणे. ती घरं होती.

गटावर मी तीच पाठवली. नुसते अंगठे आणि जोडलेले हात येत राहिले. सगळे मला दुखवायचं टाळत होते. मग एकानं लिहिलं, "सर, बाईंचं काम लय भारी. पर माझं घर मुंगीनं नेलं वाटतं."

मला हसू आलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आलं असावं, कारण माझं मलाच ते परकं वाटलं.

मग मी ठरवलं की तुकडे करायचे. मर्यादेतून सुटायची ती एकच वाट होती. एक चित्र मावत नसेल तर चौदा करायची आणि साइटवर एकाखाली एक लावायची. कुठून कापायचं याचा मी फार विचार केला नाही. पुस्तकाच्या माणसाला पान कुठं संपतं हे दिसतं. एका वर्षाची पट्टी म्हणजे एक तुकडा, आणि सांधा म्हणजे कापायची रेघ. सांध्यांच्या खुणा स्कॅनमध्ये स्वच्छ दिसत होत्या. शेवटच्या पट्टीनंतर तिनं आणखी एक कागद जोडून ठेवला होता, जवळजवळ सगळा कोरा. कोऱ्याचं ओझं कशाला म्हणून तो मी उडवला. प्रत्येक तुकड्याच्या वर साल लिहिलं. एक तुकडा तयार करायला एक दिवस घेत होतो. घाई कसलीच नव्हती.

यावेळी गट नाचायचा तेवढा बाकी होता. ज्याला त्याला आपलं घर सापडलं. "अय, तुझी म्हस माझ्या अंगणात आलीया." "मग तवाच हाकलायची, आता काय बोंबलतो?" "सर, ह्यानं बोअरला पाणी दावलंय. बोअर कोरडा व्हता, साऱ्या वस्तीला ठावं हाय." शेजारच्याचा आंबा एकीच्या छपरावर वाकला होता. त्यावरून दोन संसारी बायका अर्धा तास भांडल्या आणि शेवटी एकमेकींच्या लेकरांचे फोटो पाठवू लागल्या.

दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. मुलगी म्हणायचं, तिशीला आली असेल. एका दवाखान्यात परिचारिका आहे म्हणाली. तिचे आईवडील ऊसतोडीला मराठवाड्यातून यायचे. दिवाळीनंतर टोळी फडावर उतरायची, कोप्या पडायच्या, आणि उन्हाळ्यात हंगाम संपला की माघारी. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची आणि बांबूची झोपडी. ही मुलगी दोन हंगाम बाईंच्या शाळेत बसली होती.

"सर, मी कोपी काढली व्हती. कोपीच्या म्होरं आई. चुलीपाशी वाकलेली, पाठमोरी. मला तोंड काढाया येत नव्हतं, बाई म्हणल्या, पाठीनं काढ, आई पाठीनंबी वळखू येती."

"मग सापडली का?"

"सापडली. पर अर्धी हाय. एका चित्राच्या शेवटाला निम्मी कोपी हाय, अन् खालच्या चित्राच्या सुरुवातीला निम्मी. मधी तुमी साल लिवलंय. आई मधनं तुटलीया, सर."

मी माफी मागितली.

"तुमची चूक न्हाय. पर आई दोन वर्सामागं गेली. तिचा फोटो एकच हाय, आधार कार्डावरचा, अन् त्यात ती दुसरीच कुणी वाटती. म्हणून म्हणलं, जुळवता आलं तर बघा."

फोन ठेवल्यावर मी सुरनळी पुन्हा उलगडली. यावेळी घरं बघितली नाहीत, नुसते सांधे बघत गेलो. पहिल्या सांध्यावर कोपी होती. दुसऱ्यावर दोन कोप्या एकमेकींना टेकून. तिसऱ्यावर कोपी आणि बैलगाडी. चौथा आणि पाचवा मोकळा. त्या दोन वर्षी दुष्काळ होता, उसाला पाणी नव्हतं, टोळ्या त्या बाजूला आल्याच नव्हत्या. सहाव्यापासून पुन्हा प्रत्येक सांध्यावर कोपी, चौदाव्यापर्यंत.

मग मला सगळा क्रम लागला. पट्टी जूनमध्ये पटावर असलेल्या मुलांपुरतीच असायची. दिवाळीपर्यंत ती भरून जायची. दिवाळीनंतर तोडकऱ्यांची मुलं यायची, तेव्हा जागा संपलेली असायची. मग ती पुढच्या वर्षाचा कागद तेव्हाच जोडायची आणि त्या मुलांना सांध्यावर बसवायची. कोपीचं एक अंग या वर्षात, दुसरं अंग पुढच्या. जूनमध्ये गावातली मुलं कोपीच्या पलीकडून आपलं पाणी सुरू करायची. आणि मी, सांधे ओळखणारा माणूस, नेमका प्रत्येक सांध्यावरून कापत गेलो होतो. जी घरं जमिनीवर चार-पाच महिनेच टिकायची, तेवढीच कागदावर मी तोडली होती. दिवाळी झाली की ती मला पुढच्या वर्षाची पट्टी आणायला सांगायची. मी आणून द्यायचो. एवढ्या लवकर कशाला हवी, हे मी एकदाही विचारलं नाही.

सोपं वाटलं ते आधी करून पाहिलं: दोन वर्षांचा मिळून एक तुकडा. तो साइटच्या मापाबाहेर गेला, साइटनं आवळला, आणि चुलीपुढची बाई एक तपकिरी डाग झाली. जोडली तर दिसत नव्हती आणि दिसत होती तेव्हा तुटलेली होती. दोन दिवस मी लॅपटॉप उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी इंदापूरची एसटी धरली.

दुकानदारानं ऐकून घेतलं. तेव्हा तो एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स छापत होता. पडद्यावर त्या गृहस्थांचं हसू भिंतीएवढं होतं.

"सर, आमचं मशीन दहा फुटाच्या म्होरं जात न्हाय. ह्ये हाय वीस फूट. मग काय करायचं? दोन पट्ट्या काढायच्या, अन् एकीवर एक चढवून चिकटवायच्या. पर आधी बघायचं, जोड कुठं येतोय. साहेबांच्या नाकावर जोड आला, तर कार्यकर्ते माझं नाक जाग्यावर ठेवायचे न्हाईत."

"मग जोड कुठं घेता?"

"आभाळात घ्यायचा. न्हायतर खाली शुभेच्छुकांच्या गर्दीत. तितं कुणाचा कान गेला तर ज्याचा त्यो बघतो." त्यानं माझे तुकडे उघडले आणि एकेक बघत गेला. "तुमी कागद जिथं जोडलाय तितंच कापलंय व्हय? अन् बाईंनी तर माणसं जोडावर बसवलीत."

"आता काय करायचं?"

"रेघ सरकवायची. ह्या वर्साच्या मधनं धरायचं ते फुडल्या वर्साच्या मध्यापातुर. म्हणजे जोड मधोमध ऱ्हातो अन् कोपी अखंड येती. लांबी तेवढीच पडती, साइटबी कुरकुर करत न्हाय."

"पण मग मधली घरं कापली जातील. एकाचा आंबा दुसऱ्याच्या छपरावर आहे. कुठंही रेघ मारली तरी काहीतरी तुटतंच."

"म्हणून तर चढवायचं. ह्या तुकड्याच्या शेवटाला जे हाय, तेच फुडल्या तुकड्याच्या सुरुवातीला पुन्यांदा घ्यायचं. वीतभर. जे हितं तुटंल ते तितं सबंध दिसंल. कुणाचं घर दोनदा दिसलं तर दिसू दे की. दोनदा दिसलं म्हणून कुणी भांडाया येत न्हाय."

दोन बोटं चढवायचं मी तिला शिकवलं होतं. चित्र कापताना मात्र मी रेघेला रेघ लावून कापलं, कारण मी कापत होतो, जोडत नव्हतो. हे मी दुकानदाराला सांगितलं नाही. निघताना तो म्हणाला, "सर, त्यो बाईंचा फ्लेक्स आमीच काढला व्हता. फोटू लय बारका व्हता. आमाला जमलं न्हाय." मी म्हणालो, "रस्त्याच्या पलीकडून बरोबर दिसत होतं."

यावेळी प्रत्येक रेघ मी डोळ्यांनी पाहून मारली. एका वर्षाच्या मधल्या घरापासून पुढच्या वर्षाच्या मधल्या घरापर्यंत, आणि वर एक वीत जास्त. मधे कुणाचा गोठा आला तर रेघ थोडी पुढं, कुणाचं तुळशीवृंदावन आलं तर थोडी मागं. तुकड्यांवर सालं लिहिली नाहीत. सालं खाली, चित्राच्या बाहेर दिली. सगळे मिळून पंधरा तुकडे झाले. शेवटचा तुकडा करताना लक्षात आलं, की कोरा म्हणून मी जो कागद उडवला होता त्यावर चौदाव्या सांध्यावरच्या कोपीचं अर्धं अंग होतं. ती कोपी तिच्या निवृत्तीच्या वर्षी आलेल्या मुलानं काढलेली. तो कागद मी परत आणला, पूर्ण, कोऱ्या भागासकट. हे मी दुकानदाराला फोनवर सांगितलं. म्हणाला, "कोरं कशाला चढवताय सर? कापलं तर फाइल हलकी व्हईल." मी म्हणालो, बसतंय तोवर राहू द्या. ते मापात बसलं.

मग मी त्या मुलीला तिचा तुकडा पाठवला, गटावर नाही, तिला एकटीला. व्हॉट्सअ‍ॅप चित्र पुन्हा आवळू नये म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला, हेही एव्हाना शिकलो होतो. संध्याकाळी तिचा फोन आला.

"दिसली, सर."

"सगळी?"

"सगळी. पदर कमरंला खोचलेला हाय. मी काढला व्हता ह्येच इसरले व्हते." मागे दवाखान्यातलं कुणीतरी तिला हाक मारत होतं.

मला राहवलं नाही म्हणून विचारलं, "कोपी हिरवी कशी? पाचट तर पिवळं असतं."

ती हसली. "मी आले तवर पिवळे खडू संपले व्हते. हिरवाच उरला व्हता. बाई म्हणल्या, हिरवी तर हिरवी, ऊस हिरवाच असतो की."

हे बाईंचं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या पत्नीच्या आवाजात मला ते लगेच ऐकू आलं.

तिनं सांध्यावर त्या मुलांना मुद्दाम बसवलं, कागद तिथं दुहेरी असतो म्हणून, की जागाच तेवढी उरायची म्हणून, हे मला माहीत नाही. विचारायला ती नाही. दोन्ही असेल.

आता साइटवर पंधरा चित्रं आहेत. काही घरं दोनदा दिसतात. सुरनळी बारामतीच्या घरी कपाटावर, त्याच अभ्र्यात ठेवली आहे. शेवटच्या कोपीच्या पुढं पाच-साडेपाच फूट कागद कोरा आहे.